जुन्या गोव्याचा मोडका मनोरा: पवित्र टेकडी पायी कशी पाहावी

पुण्या-मुंबईहून किंवा सावंतवाडीकडून पाहुणे आले की आमच्या फोंड्याच्या घरी एक प्रश्न ठरलेला असतो. "तो उंच लाल मनोरा आहे ना जुन्या गोव्यात, त्यावर चढता येतं का?" नाही येत. सेंट ऑगस्टिनच्या मनोऱ्यावर चढायची परवानगी नाही, आणि चढायला तो धडही उरलेला नाही. हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर माणसं वरून दिसणाऱ्या देखाव्याच्या आशेनं जातात, खाली उभं राहून दोन फोटो काढतात आणि दहा मिनिटांत गाडीत बसतात. मग म्हणतात, "पडकं आहे, बघण्यासारखं काही नाही." मला ते ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण गोव्यातली मला सगळ्यात आवडणारी जागा तीच आहे.

मनोरा खालून बघायचा असतो. देखावा पाहायचा तो त्याच टेकडीच्या पश्चिम टोकावरून आणि नंतर पूर्वेकडच्या दुसऱ्या टेकडीवरून. दोन्ही नीट जुळून यायचं असेल तर फिरण्याचा क्रम महत्त्वाचा. माझा क्रम असा आहे: नदीपासून सुरुवात, मग चढण, मग मनोरा, मग कडा आणि शेवटी दुसरी टेकडी. एकेकाळी या शहरात पाऊल टाकणारा माणूस नदीतूनच यायचा, त्यामुळे त्याच वाटेनं वर गेलं की एकेक गोष्ट आपोआप उलगडत जाते.

आधी नावाचा गोंधळ मिटवा

गोव्यात जवळजवळ सारख्या नावाची दोन ठिकाणं आहेत. जुने गोवे, म्हणजे ओल्ड गोवा, म्हणजेच पोर्तुगीजांची जुनी राजधानी 'व्हेल्या गोवा', हे मांडवीच्या काठी आहे. 'गोवा व्हेल्या' हे मात्र वेगळं गाव, पणजीहून मडगावकडे जाताना जुवारीच्या बाजूला लागणारं. शब्द तेच, फक्त उलटे. मोबाइलवर नकाशा लावताना चुकीचं नाव निवडून भलतीकडे पोचलेले पाहुणे आम्ही एकदा नाही, तीनदा फोन करून परत वळवले आहेत. म्हणून नकाशात गावाचं नाव टाकू नका, थेट 'सेंट ऑगस्टिन टॉवर' असं टाका.

कधी जायचं

ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. पाऊस नुकताच संपलेला असतो, भिंतींवर थोडी हिरवळ शिल्लक असते आणि ऊन सोसण्यासारखं असतं. मार्चनंतर दुपारी या टेकडीवर अजिबात जाऊ नका. भग्नावशेषांना छप्पर नाही, सावली जवळपास नाही आणि जांभा दगड तापला की उष्णता खालूनही येते.

पावसाळ्यात ही जागा विलक्षण सुंदर दिसते हे खरं. ओला जांभा गडद तांबडा होतो, त्यावर शेवाळाची हिरवी किनार चढते. पण त्या शेवाळावरच मी एका ऑगस्टमध्ये साफ घसरले आणि मनगट पंधरा दिवस बांधून ठेवावं लागलं. पावसाळ्यात जाणार असाल तर तळव्याला खाचा असलेले बूट घाला, मुलांचा हात धरा, आणि वारा-पाऊस जोरात असेल तर मनोऱ्याच्या अगदी पायथ्याशी उभे राहू नका.

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस बॅसिलिकेत ज्याचं शव ठेवलं आहे त्या सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे सण, 3 डिसेंबरला असतं. त्याआधीचे नऊ दिवस, म्हणजे 24 नोव्हेंबरपासून, नोव्हेना, म्हणजे सणाआधीच्या प्रार्थना, चालतात. तेव्हा जुन्या गोव्यात लोटणारी गर्दी, फेरी म्हणजे जत्रेचा बाजार आणि चणे-खाजे घ्यायला येणारी माणसं हाही एक बघण्यासारखा अनुभव आहे. पण मनोरा शांतपणे पाहायचा असेल तर ते दिवस टाळा, गाडी लावायलाही जागा मिळत नाही. दर दहा वर्षांनी होणारं झेवियरचं शवप्रदर्शन नुकतंच 2024-25 मध्ये झालं. आता पुढचं 2034 च्या सुमारास, तोवर त्या गर्दीची चिंता नाही.

दिवसातली वेळ? माझं मत दुपारी साडेतीनच्या पुढची. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास बुडतो, म्हणजे हाताशी अडीच तास राहतात आणि तेवढे पुरतात. घरात वयस्कर माणसं असतील तर सकाळी आठ-साडेआठला पोचा. तेव्हा पर्यटकांच्या बसगाड्या आलेल्या नसतात.

कसं पोचायचं

पणजीहून जुनं गोवं सुमारे 10 किलोमीटर. पणजीच्या कदंब बसस्थानकावरून फोंड्याला जाणाऱ्या बहुतेक बस जुन्या गोव्यावरून जातात. कंडक्टरला "ओल्ड गोवा, गांधी सर्कल" एवढं सांगितलं की पुरे. आम्ही फोंड्याकडून येतो तेव्हा बाणस्तारीचा पूल ओलांडून उलट बाजूनं येतो. कोकण रेल्वेनं येणाऱ्यांना करमळी स्थानक अगदी जवळ पडतं, तिथून रिक्षा किंवा पायलट मिळतो. पायलट म्हणजे गोव्यातली दुचाकीची टॅक्सी. पिवळ्या रंगाचा मडगार्ड दिसला की तो पायलट, बसण्यापूर्वी भाडं ठरवून घ्या.

स्वतःची गाडी असेल तर पणजीहून नव्या बगलरस्त्यानं येऊ नका. रायबंदरच्या जुन्या रस्त्यानं या. पणजी सोडल्यावर लागणारा लांबलचक बांधरस्ता 1633-34 मध्ये बांधलेला आहे. एका बाजूला मिठागरांची सपाट जमीन, दुसऱ्या बाजूला मांडवी. पाच मिनिटं जास्त लागतात, पण नदी डाव्या हाताला सतत सोबत राहते आणि आपण एका नदीकाठच्या राजधानीकडे चाललो आहोत हे मनात ठसतं.

पहिला टप्पा: नदीचा धक्का

गाडी चर्चच्या मोठ्या पटांगणाजवळ लावा आणि आधी टेकडीकडे न जाता उलटं, खाली फेरीबोटीच्या धक्क्यावर जा. दिवाडी बेटावर जाणारी फेरी इथून सुटते. धक्क्याकडे पाठ करून उभं राहिलं की समोर व्हाइसरॉयची कमान दिसते. 1599 च्या सुमारास वास्को द गामाच्या पणतूनं, तो इथला व्हाइसरॉय असताना, ती पणजोबाच्या स्मरणार्थ उभारली. नवा व्हाइसरॉय आला की याच कमानीतून शहरात शिरायचा.

तिथून वर चालत या. वाटेत सेंट कॅजेटनच्या चर्चजवळ काळ्या दगडाची एक चौकट एकटीच उभी आहे. आदिलशाहाच्या वाड्याचा तेवढाच दरवाजा उरला आहे. कोरीव काम नीट पाहिलं तर ते देवळाच्या चौकटीसारखं वाटतं. पोर्तुगीजांच्या आधी इथे विजापूरकरांचं भरभराटीचं बंदर होतं, याची आठवण देणाऱ्या मोजक्या खुणांपैकी ही एक. मुलांना इथे जरूर थांबवा, पुढचा सगळा इतिहास या चौकटीपासून सुरू होतो.

मग से कॅथेड्रलसमोर एक मिनिट उभे राहा आणि तिच्या दर्शनी भागाकडे बघा. एका बाजूला मनोरा आहे, दुसऱ्या बाजूला नाही. दुसरा 1776 मध्ये पडला आणि पुन्हा बांधला गेला नाही. थोड्या वेळानं टेकडीवर जे दिसणार आहे त्याची ही पूर्वसूचना. मोठाल्या इमारती बांधणाऱ्या या शहराला पुढे त्या सांभाळायलाही माणसं उरली नाहीत. कॉलरा आणि हिवतापाच्या साथी पुन्हा पुन्हा येत राहिल्या. जांभ्याची सच्छिद्र जमीन घाण पाणी गाळून विहिरींत सोडत होती, असं त्याचं एक कारण सांगतात. व्हाइसरॉयनं 1695 मध्ये आपलं राहणं शहराबाहेर पणेलीला नेलं, पुढे 1759 मध्ये पणजीला. 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली.

बॉम जेझूसमध्ये जायचं असेल तर आत्ता जाऊन या. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, आवाज हळू ठेवावा. तिथल्या भिंती पाहून ठेवा, कारण टेकडीवर गेल्यावर त्यांचा उपयोग होणार आहे. या बॅसिलिकेच्या बाहेरच्या भिंतीवरचा चुन्याचा गिलावा काढलेला आहे, जांभा उघडा आहे.

दुसरा टप्पा: चढण

बॉम जेझूसपासून पश्चिमेकडे जाणारा रस्ता हळूहळू वर चढतो. चालत दहा-बारा मिनिटं. गाडी थेट मनोऱ्यापर्यंत जाते, त्यामुळे गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांना वर सोडता येतं. ज्यांना जमतं त्यांनी मात्र चालावं. ही टेकडी म्हणजे 'मोंते सांतो', पवित्र टेकडी. एकाच माथ्यावर मठ, चर्च आणि कपेल, म्हणजे छोटी प्रार्थनागृहं, यांची दाटी झाल्यामुळे हे नाव पडलं.

वाटेत सांता मोनिकाचा प्रचंड मठ लागतो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला, ख्रिस्ती संन्यासिनींसाठीचा. जाड भिंती, वरपर्यंत आधाराचे तिरके धिरे. याच आवारात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. आधी ते राशोलला होतं, 2002 मध्ये इथे आलं. तिकीट आहे, पण हस्तिदंत आणि चांदीवरचं इथल्या कारागिरांचं काम पाहायचं असेल तर पाऊण तास राखून ठेवा. घोटीव हस्तिदंतातल्या बाळ येशूच्या चेहऱ्यात इथलीच ठेवण दिसते. देवळांतल्या मूर्ती घडवणारे हात आणि हे हात एकाच मातीतले, हे कळायला वेगळी पाटी लागत नाही.

चढण संपायच्या आधीच झाडांच्या वर मनोरा दिसू लागतो. पहिल्यांदा दिसतो तेव्हा फोटोसाठी थांबू नका, चालत राहा. तो जवळ येताना मोठा होत जातो, त्याची उंची तिथेच कळते.

तिसरा टप्पा: मनोऱ्याच्या पायथ्याशी

हा मनोरा साधारण 46 मीटर उंच आहे. आजच्या घरांच्या हिशोबानं चौदा-पंधरा मजले. तो एकटा कधीच नव्हता. 'नॉसा सेन्योरा दा ग्रासा', कृपेची माता, या नावाचं भव्य चर्च इथे होतं. ऑगस्टिनियन संन्याशांनी ते बांधलं, 1602 मध्ये पूर्ण केलं. मनोरा त्याच्या दर्शनी भागाचाच तुकडा आहे, घंटा टांगण्यासाठीचा. समोर उभं राहून डोळ्यांनी उरलेला अर्धा भाग भरून काढा: मध्ये उंच दर्शनी भिंत, पलीकडे असाच दुसरा मनोरा आणि मागे कमानदार छताचा लांब गाभा. मी मुलांना हातात कागद-पेन्सिल देते आणि सांगते, "जे दिसतंय ते काढा, मग जे पडलंय ते ठिपक्यांनी काढा." अर्धा तास कुठे जातो कळत नाही.

हे सगळं पडलं कसं, याचा क्रम लक्षात ठेवला तर जागा वाचायला सोपी जाते. पोर्तुगालमध्ये 1834 साली धार्मिक संघांवर बंदी आली आणि 1835 मध्ये गोव्यातलेही मठ बंद झाले. ऑगस्टिनियन निघून गेले. मनोऱ्यातली मोठी घंटा 1841 मध्ये उतरवून आग्वाद किल्ल्यावर नेली. पुढच्याच वर्षी, 1842 मध्ये, चर्चचं कमानदार छत कोसळलं. त्यानंतर पाऊस थेट आत. 1931 मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा हिस्सा खाली आला, 1938 मध्ये आणखी काही भाग पडला. समोर दिसणारा उभा चिरफाळलेला आकार तिथपासूनचा आहे.

हे दगड असे का ढासळले? कोकणात घर बांधलेल्या कोणालाही उत्तर अर्धं माहीत असतं. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, करवतीनं-कुऱ्हाडीनं चिरे पाडता येतात, हवेत तो कडक होतो. पण त्याला भोकं असतात. वरून चुन्याचा गिलावा असेल तोवर पाणी बाहेर राहतं. गिलावा गेला, छप्पर गेलं की दर पावसाळ्यात चिरा पाणी पितो, चुन्याच्या सांध्यांतला जीव जातो, फटीत वडा-पिंपळाचं रोप धरतं आणि मुळं उरलेलं काम करतात. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. माणसांनी लक्ष काढून घेतलं की अशी इमारत किती वर्षं टिकणार? भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं पुढे ढिगारे उपसले, भिंतींना आधार दिला, म्हणून आपल्याला आज आत फिरता येतं. 1986 मध्ये जुन्या गोव्यातली चर्च आणि मठ युनेस्कोच्या जागतिक वारशात आले, त्यात हीही जागा आहे.

आता वर बघा. मनोऱ्यातल्या रिकाम्या कमानींमधून आभाळ दिसतं. घंटा होती ती या उंचीवर. हे लक्षात ठेवा, परतीच्या वाटेवर तिची गाठ पडणार आहे.

चौथा टप्पा: भग्नावशेषांच्या आत

बहुतेक लोक मनोऱ्यासमोरूनच परततात. खरा खजिना मागे आहे. पुढच्या भिंतीच्या रेषेतून आत शिरा आणि गाभ्याच्या मध्यावरून वेदीच्या दिशेनं सरळ चालत जा. डोक्यावर छत नाही, पण दोन्ही बाजूंच्या भिंतींमधली अंतरं बघून आतली रुंदी कळते. दोन्ही हातांना कपेलांचे कोनाडे, एकूण आठ. काही भिंतींवर पोर्तुगीज धाटणीच्या रंगीत टाइल्सचे तुकडे अजून चिकटून आहेत. त्यांना हात लावू नका, नखही नको. इतक्या पावसाळ्यांतून उरलेली चकाकी बोटांच्या घामानं जाते.

पायाखाली बघत चला. जमिनीत मोठ्या शिळा बसवलेल्या दिसतील, काहींवर कुळांची चिन्हं आणि अक्षरं कोरलेली. ती थडगी आहेत. मधून वाट काढावीच लागते, पण थडग्यावर बसून फोटो काढणाऱ्यांना मी नेहमी नम्रपणे उठवते. ती कोणाची तरी माणसं आहेत, आपलीच असती तर आपण बसलो नसतो.

मग चर्चच्या लगत मठाचे अवशेष येतात: ओवऱ्या, खोल्यांच्या रांगा, मधलं चौकोनी अंगण. इथेच ती गोष्ट घडली जिच्यामुळे या जागेला जगाच्या दुसऱ्या टोकाचे लोक भेट देतात.

जॉर्जिया देशातली केतेवान ही राणी. इराणच्या शाह अब्बासनं तिला कैदेत ठेवलं. धर्म बदलायला तिनं नकार दिला आणि 1624 मध्ये शिराझमध्ये हाल करून तिला मारण्यात आलं. शिराझमध्ये असलेल्या ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष जपून गोव्यात आणले, 1627 मध्ये. जुन्या पोर्तुगीज नोंदीत लिहिलेलं होतं की मठाच्या सभाकक्षाच्या कपेलमध्ये, दुसऱ्या खिडकीपाशी, दगडी पेटीत ते ठेवले आहेत. पण त्या खिडक्या होत्या कुठे? सगळा मठ ढिगाऱ्याखाली. 1980 च्या दशकाच्या शेवटापासून जॉर्जिया आणि भारताची पथकं शोध घेत राहिली. अखेर 2004-05 च्या उत्खननात, नोंदीतल्या खिडकीची जागा ओळखून, हाडाचे अवशेष मिळाले. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात त्यांची डीएनए तपासणी झाली आणि 2013 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मातृवंशाचा जो गट त्या हाडात सापडला तो भारतीयांच्या नमुन्यांत आढळत नाही, जॉर्जियातल्या लोकांत आढळतो. 2017 मध्ये अवशेष काही काळासाठी जॉर्जियात दर्शनाला नेले, 2021 च्या जुलैत भारतानं त्यातला भाग कायमचा त्या देशाला भेट दिला.

मला या गोष्टीत एक फार आवडतं. राजधानी गेली, साधू गेले, छत पडलं, पण कोणीतरी कागदावर "दुसरी खिडकी" एवढं नेमकं लिहून ठेवलं होतं आणि तेच चारशे वर्षांनी कामी आलं. तिथे उभं राहून भिंतीतल्या खिडक्यांच्या जागा मोजून बघा.

रस्त्यापलीकडे, मनोऱ्याच्या समोरच, सेंट अँथनीचं छोटं कपेल आहे. बाहेरून पाहिलं तरी पुरे.

पाचवा टप्पा: रोझरीचा कडा

भग्नावशेषांतून बाहेर पडल्यावर रस्त्यानं आणखी पश्चिमेला चाला, टेकडीच्या टोकाला 'अवर लेडी ऑफ द रोझरी' हे चर्च आहे. देखावा इथे आहे, आणि एवढं असूनही इथे सहसा चार-पाच माणसंच असतात.

जुन्या गोव्यातलं आज उभं असलेलं हे सगळ्यात जुनं चर्च, 1544 ते 1549 या काळात बांधलेलं. बाहेरचे गोल बुरूज पाहिले की ते किल्ल्यासारखं वाटतं. भिंतींवर दोरखंडासारखी नक्षी दिसते. समुद्रावर जगणाऱ्या लोकांची ती आवडती नक्षी, पोर्तुगालच्या मॅन्युएल राजाच्या काळातली. आत दोना कातारिना हिचं स्मारक आहे. गोव्यात आलेली पहिली पोर्तुगीज स्त्री म्हणून तिचं नाव सांगतात, आणि त्या स्मारकावरचं कोरीव काम मात्र गुजराती धाटणीचं. दार बंद मिळालं तरी नाराज होऊ नका. इथे येण्याचं कारण बाहेर आहे.

चर्चला वळसा घालून कड्याच्या बाजूला जा. खाली माडांची दाटी, मग मांडवीचं रुंद पात्र, पलीकडे दिवाडी बेट. भरती असेल तर खारफुटीची झाडं पाण्यात उभी दिसतात, ओहोटीला चिखल चकाकतो. बार्जचा आवाज खालून बराच वेळ ऐकू येत राहतो. गोवा जिंकणारा पोर्तुगीज सेनापती अफोन्सो द आल्बुकेर्क यानं आदिलशाही फौजेशी झालेली 25 नोव्हेंबर 1510 ची लढाई याच जागेवरून पाहिली असं सांगतात आणि त्या विजयाच्या नवसापोटी हे चर्च उभं राहिलं. नदी, बंदर, शहराचे दरवाजे, सगळं इथून दिसतं, त्यामुळे ही जागा का निवडली हे कळायला इतिहास शिकावा लागत नाही.

पण आपण मराठी माणसं इथे उभी राहतो तेव्हा नदीपलीकडे आणखी काही पाहतो. माझी आजी डिचोली तालुक्यातल्या नार्व्याची. तिला इथे आणलं तेव्हा ती कठड्याशी काठी टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "बाय, हे समोरचं दिवाडी ना? आमचा सप्तकोटेश्वर आधी तिथं होता. मग नदी ओलांडून आमच्या गावी आला." तेच खरं. कदंबांचं कुलदैवत असलेला सप्तकोटेश्वर दिवाडीवर होता. सोळाव्या शतकात देऊळ पाडलं गेलं, लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेलं आणि 1668 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. दिवाडीच्या मागे, उत्तरेला, ते नार्वे. एका बाजूला रोझरीची घंटा आणि समोर सप्तकोटेश्वराची मूळ भूमी. ही दोन्ही सत्यं एकाच नजरेत मावणारी जागा मला गोव्यात दुसरी माहीत नाही.

आता किंचित उजवीकडे, ईशान्येला वळा. तिकडे जुवे बेट, पोर्तुगीजांचं सांतो इस्तेव्ह. 24 नोव्हेंबर 1683 च्या रात्री संभाजी महाराजांच्या फौजेनं तिथला किल्ला घेतला. व्हाइसरॉय स्वतः चालून गेला, मागे हटला, जखमी झाला. राजधानी हातची जाणार अशी वेळ आली तेव्हा त्यानं बॉम जेझूसमध्ये जाऊन झेवियरची शवपेटी उघडली आणि आपला अधिकारदंड संताच्या हाती ठेवला. तिकडे मुघल फौज कोकणात उतरल्यामुळे मराठे माघारी वळले. दीड तासापूर्वी तुम्ही खाली बॉम जेझूस पाहिलं असेल, तर इथे उभं राहून ती रात्र मुलांना सांगा. पुस्तकात वाचलेलं आणि बोटानं दाखवता येणारं यात फरक पडतो.

कड्याजवळ कठडा सगळीकडे भरवशाचा नाही. लहान मुलांना आतल्या बाजूला ठेवा आणि सेल्फीसाठी पाठमोरं सरकत जाऊ नका.

सहावा टप्पा: पूर्वेकडची टेकडी

अजून तासभर उजेड असेल तर गाडीनं गावाच्या पूर्वेला 'अवर लेडी ऑफ द माउंट' या कपेलपाशी जा. वळणावळणाचा, झाडीतला छोटा रस्ता आहे. 1510 च्या लढाईत आदिलशाही तोफा या टेकडीवर होत्या. म्हणजे रोझरीचा कडा एका पक्षाचा आणि ही टेकडी दुसऱ्या पक्षाची. कपेलच्या पायऱ्यांवर बसलं की पश्चिमेला सगळं जुनं गोवं खाली पसरलेलं दिसतं, चर्चचे पांढरे माथे झाडांतून वर आलेले, आणि त्यांच्या मागे नदीवर उतरणारा सूर्य. मनोऱ्याच्या टेकडीवर उभं राहून मनोरा लांबून कसा दिसतो ते कळत नाही, ते इथून बघावं. अंधार पडायच्या आत खाली उतरा. रस्त्यावर दिवे कमी आणि वळणं जास्त.

बरोबर काय न्यायचं

माणशी किमान एक लिटर पाणी, कारण टेकडीवर खाण्यापिण्याची सोय धरून चालू नये. टोपी, पुढून बंद बूट, संध्याकाळसाठी डासांचं मलम. चर्चमध्ये जाताना लागेल म्हणून एखादी ओढणी किंवा पंचा. कॅमेऱ्याचा स्टँड आणि ड्रोन संरक्षित वास्तूंच्या ठिकाणी परवानगीशिवाय चालत नाही, घरीच ठेवा. चाकाची खुर्ची भग्नावशेषांत नेणं अवघड आहे, पण मनोरा रस्त्यावरूनही पूर्ण दिसतो आणि रोझरीपर्यंत गाडी जाते, त्यामुळे आजी-आजोबांना घरी ठेवून जाऊ नका.

भूक लागली तर खाली गांधी सर्कलच्या आसपास साध्या हॉटेलांत गरम भाजी-पाव, मिरचीची भजी आणि चहा मिळतो. गोव्यातली भाजी-पाव म्हणजे मुंबईची पावभाजी नव्हे. पातळ कडधान्याची किंवा बटाट्याची भाजी आणि सोबत पाव. दोघांची भूक थोडक्यात भागते.

परतीच्या वाटेवर: पणजी

पणजीला परतणार असाल तर शेवटचं काम बाकी आहे. शहराच्या मध्यावर, नागमोडी पांढऱ्या जिन्यावरचं चर्च तुम्ही शंभर फोटोंत पाहिलं असेल. ते निष्कलंक मातेचं चर्च. ऑगस्टिनच्या मनोऱ्यातून उतरवून आग्वादला नेलेली घंटा तिथे तीस वर्षं राहिली आणि 1871 मध्ये या चर्चच्या माथ्यावर आली. से कॅथेड्रलमधल्या 'सोनेरी घंटा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घंटेखालोखाल गोव्यातली ही सगळ्यात मोठी घंटा मानतात.

जिन्याच्या पायथ्याशी, बागेच्या बाजूला उभे राहा आणि दर्शनी भागाच्या मध्यावरच्या कमानीत बघा. दुपारी टेकडीवर जी कमान रिकामी होती, तिच्यातली घंटा इथे टांगलेली आहे.